प्रयोगशाळेपासून मागापर्यंत : वस्त्रोद्योग आणि विद्यापीठ यांची भागीदारी कशी उभारावी

प्रयोगशाळेत 5 ग्रॅम कापडावर जमलेली छटा 500 किलोच्या सॉफ्ट-फ्लो मशीनमध्ये जशीच्या तशी उतरत नाही, हे प्रोसेस हाउसमधल्या प्रत्येक डाइंग मास्तरला माहीत असते. बीकरमध्ये कापडाच्या वजनाच्या वीस-तीस पट पाणी असते, मोठ्या मशीनमध्ये साधारण सहा ते आठ पट. तापमान चढण्याचा वेग वेगळा, पाण्याचा जडपणा वेगळा, मीठ आणि सोडा सोडण्याची रीत वेगळी. म्हणूनच ‘लॅब डिप’ मंजूर झाला तरी कोणी लगेच पूर्ण लॉट रंगवायला घेत नाही. आधी छोटी बॅच काढून पाहतात. विद्यापीठ आणि वस्त्रोद्योग यांच्या भागीदारीत नेमकी ही छोटी बॅच गाळली जाते. एका टोकाला शोधनिबंध, दुसऱ्या टोकाला कारखाना, आणि मध्ये सामंजस्य करार झाल्याचा फोटो, एवढेच बहुतेक ठिकाणी शिल्लक राहते.

भागीदारी या एका शब्दाखाली अनेक निराळी कामे येतात. कापडाची चाचणी करून अहवाल देणे हे एक काम. एखाद्या अडचणीवर प्राध्यापकाने सल्ला देणे हे दुसरे. विद्यार्थ्यांचा प्रकल्प, कंपनीच्या पैशाने चालणारे संशोधन, अनेक कारखान्यांनी मिळून वापरायची यंत्रसामग्री आणि तयार तंत्र परवान्यावर घेणे ही आणखी काही. यांतल्या प्रत्येकाची मुदत, खर्च आणि अपेक्षा वेगळ्या असतात. चाचणीचा अहवाल चार-आठ दिवसांत मिळू शकतो. नवा फिनिश शोधायला दोन वर्षेही कमी पडतात. कारखानदार चाचणीच्या वेगाने संशोधन मागतो आणि प्राध्यापक संशोधनाच्या सवडीने चाचणी करतो, तेव्हा दोघेही परस्परांवर नाराज होतात. त्यामुळे पहिल्या बैठकीतच नेमके कोणते काम हवे आहे, हे एका वाक्यात लिहून घ्यावे.

गिरण्या गेल्या, संस्था राहिल्या

महाराष्ट्रात हे नाते नवे नाही. मुंबईत 1887 साली सुरू झालेल्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमागे गिरण्यांना लागणाऱ्या तंत्रज्ञांची गरज होती. 1924 मध्ये माटुंग्याला कापसाच्या परीक्षणासाठी तंत्रप्रयोगशाळा निघाली. तीच आजची ‘सिरकॉट’. 1933 मध्ये मुंबई विद्यापीठाचा रासायनिक तंत्रज्ञान विभाग उघडला, त्यात वस्त्ररसायन हा आरंभापासूनचा विषय होता. हा विभाग पुढे यूडीसीटी आणि नंतर आयसीटी या नावाने ओळखला जाऊ लागला. आज या तिन्ही संस्था माटुंगा परिसरात आहेत, गिरणगावापासून काही किलोमीटरवर. पुढे 1950 मध्ये रेशीम व कृत्रिम रेशमासाठी ‘सस्मिरा’ आणि 1954 मध्ये सुती गिरण्यांसाठी ‘बिट्रा’ उभी राहिली. त्याआधी 1947 मध्ये अहमदाबादच्या गिरणीमालकांनी एकत्र येऊन ‘अटिरा’ स्थापली होती. तिची सूत्रे तरुण विक्रम साराभाई यांच्याकडे होती.

या साऱ्या मांडणीत एक गोष्ट गृहीत होती. समोरच्या गिरणीकडे स्वतःची प्रयोगशाळा असेल, स्पिनिंग मास्तर आणि वीव्हिंग मास्तर असतील, अहवाल वाचून अमलात आणणारी माणसे असतील. 1982 च्या संपानंतर मुंबईतल्या गिरण्या एकामागून एक मोडल्या. विणकामाचा मोठा हिस्सा भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी, सोलापूर अशा गावांतल्या यंत्रमागांकडे होता, तो आणखी वाढला. योगायोगाने इचलकरंजीतली दत्ताजीराव कदम तांत्रिक शिक्षण संस्थाही (डीकेटीई) त्याच 1982 सालची. आजचा नमुनेदार ग्राहक म्हणजे आठ, चोवीस किंवा अठ्ठेचाळीस मागांचा मालक. त्याच्याकडे प्रयोगशाळा नाही, अहवाल वाचायला वेळ नाही, आणि पुष्कळदा कापडही त्याचे नसते. गिरणीसाठी घडलेली भागीदारीची पद्धत त्याला जशीच्या तशी लागू करता येत नाही. महाराष्ट्रातले अनेक करार कागदावर राहण्याचे खरे कारण अनास्थेपेक्षा या विसंगतीत शोधावे लागते.

प्रश्न कोणाचा, फायदा कोणाचा

यंत्रमागाच्या गावात एकाच कापडावर चार-पाच मालकांचे हात फिरतात. सूत व्यापाऱ्याचे, बीम सायझिंगवाल्याचे, माग खर्चीवाल्याचे, रंगाई प्रोसेस हाउसची. मजुरीवर विणणाऱ्या खर्चीवाल्याला पिकांच्या, म्हणजे कापडात पडणाऱ्या आडव्या धाग्यांच्या, हिशेबाने पैसे मिळतात. सुताची निवड त्याच्या हातात नसते. त्यामुळे अडचण एका ठिकाणी दिसते, तिचे कारण दुसऱ्या ठिकाणी असते आणि सुधारणेचा फायदा तिसऱ्याच्या खिशात जातो.

खळीचे उदाहरण घेण्यासारखे आहे. ताण्याचे धागे मागावर टिकावेत म्हणून सायझिंगमध्ये त्यांवर खळ चढवतात. खळीत पॉलिव्हिनाइल अल्कोहोल वाढवले की तुटी कमी होतात, मागवाला खूष होतो. पण तीच खळ पुढे धुऊन काढावी लागते. ती सहजी न कुजणारी असल्याने सांडपाण्याचा भार प्रोसेस हाउसवर पडतो. स्टार्चची खळ एन्झाइमने सुटते, मात्र मागावर ती तितकी साथ देईलच असे नाही. अशा प्रश्नावर प्राध्यापकाने एकट्या मागवाल्याशी बोलून काढलेले उत्तर प्रोसेसवाला मान्य करत नाही, आणि प्रोसेसवाल्याशी बोलून काढलेले मागवाला. म्हणून प्रकल्प सुरू होण्यापूर्वी त्या कापडाच्या वाटेवरचे सगळे, निदान सायझिंगवाला, मागवाला, व्यापारी आणि प्रोसेसवाला, एका टेबलाशी बसवावेत आणि बचत झाली तर ती कशी वाटली जाईल, हे तिथेच ठरवावे. ज्याला फायदा होणार त्यानेच खर्चाचा वाटा उचलावा, हे तत्त्व एकदा मान्य झाले की पुढच्या अर्ध्या तक्रारी उद्भवतच नाहीत.

प्रश्नाची निवड करताना आकडा शोधावा. ‘गुणवत्ता सुधारणे’ हा प्रश्न नाही. ‘40 नंबरच्या सुतावर एक लाख पिकांमागे ताण्याच्या तुटी किती आणि त्या का’ हा प्रश्न आहे. त्यासाठी पहिला महिना फक्त मोजणीला द्यावा. दोन विद्यार्थ्यांनी वही घेऊन मागाशेजारी दोन्ही पाळ्यांत उभे राहावे आणि माग थांबला की कारण टिपावे: गाठ सुटली, सूत बारीक होते, खळ कमी बसली, फणीत अडकले, वीज गेली. कारखानदाराला ही वही कंटाळवाणी वाटते. पण अनेकदा प्रश्नाचे निम्मे उत्तर तिच्यातच असते, आणि खळीवर संशोधन करण्याऐवजी गाठी मारण्याची पद्धत बदलणे पुरेसे आहे, असेही तिच्यातून निघू शकते.

मोजणीनंतरची चाचणीही काटेकोर हवी. समजा, नवी खळ बारा मागांवर लावली, तर शेजारच्या बारा मागांवर जुनीच ठेवावी. सूत एकाच लॉटचे घ्यावे. बीम संपले की दोन्ही गटांत अदलाबदल करावी. विणकामाच्या शेडमध्ये हवेतला दमटपणा 75-80 टक्क्यांच्या आसपास असला की सुती धागा कमी तुटतो. त्यामुळे वैशाखात जुनी खळ आणि आषाढात नवी खळ असे तपासले, तर यशाचे श्रेय खळीचे की पावसाचे, हे कोणालाच सांगता येणार नाही.

कोणत्या दारात जावे

संस्था निवडताना नावाच्या मोठेपणापेक्षा तिथली यंत्रे आणि तिथली माणसे पाहावीत. तांत्रिक वस्त्रांपुरती विभागणी तर स्पष्टच आहे. केंद्र सरकारने नेमलेल्या उत्कृष्टता केंद्रांपैकी भू-वस्त्रे बिट्राकडे, शेतीची वस्त्रे सस्मिराकडे, नॉनवोव्हन इचलकरंजीच्या डीकेटीईकडे, खेळांची वस्त्रे ठाण्याच्या लोकर संशोधन संघटनेकडे आहेत. महाराष्ट्राबाहेर वैद्यकीय वस्त्रे कोइंबतूरच्या ‘सिट्रा’कडे, संरक्षक वस्त्रे गाझियाबादच्या ‘निट्रा’कडे आणि संमिश्रके अटिराकडे. द्राक्षबागेच्या जाळीचा उत्पादक भू-वस्त्राच्या प्रयोगशाळेत गेला, तर त्याला नम्रपणे परत पाठवले जाईल, पण एक महिना गेलेला असेल. रंग, सहायक रसायने आणि सांडपाणी यांसाठी आयसीटीसारखी रसायनाची संस्था हवी. तंतूचे गुणधर्म आणि कापसाची मिश्रणे यांसाठी सिरकॉट.

जवळची संस्था आणि उत्तम संस्था यांत निवड करायची झाली, तर पहिल्या प्रकल्पासाठी जवळची घ्यावी. प्राध्यापकाला सकाळी फोन केला आणि दुपारी तो शेडमध्ये आला, हे जमले पाहिजे. दूरच्या नामवंत संस्थेशी झालेला करार तीन महिन्यांतून एका ऑनलाइन बैठकीपुरता उरतो.

माणसे आणि दिनदर्शिका

कॉलेजचे वर्ष आणि कारखान्याचे वर्ष एकमेकांशी जुळत नाही. परीक्षा सुरू होतात तेव्हा कारखान्यात सणासुदीच्या मालाची घाई असू शकते. दिवाळीत माग बंद असतात तेव्हा कॉलेजलाही सुटी असते. तरीही यंत्रात बदल करायचा तर दिवाळीची बंदी हाच उत्तम काळ, म्हणून त्या आठवड्यासाठी माणसे आधी ठरवून ठेवावीत.

प्रश्नाचा आकार आणि पदवीचा कालावधी यांचा मेळ घालणे हे संस्थेतल्या समन्वयकाचे सर्वांत महत्त्वाचे काम आहे. तुटींची मोजणी, रंगाईतल्या पुनर्प्रक्रियेची कारणे, विजेचा वापर असे विषय बी.टेक.च्या शेवटच्या सत्रात मावतात. नवी खळ किंवा फिनिश मध्यम प्रमाणावर तपासणे एम.टेक.च्या वर्षभरात बसते. नवा पदार्थ घडवायचा असेल तर पीएच.डी.चा विद्यार्थी लागतो आणि कारखानदाराला तीन-चार वर्षांची वाट पाहावी लागते. बी.टेक.च्या मुलांकडून पीएच.डी.ची अपेक्षा ठेवणे ही नेहमीची चूक आहे. त्याउलट, पीएच.डी.च्या विद्यार्थ्याला दररोज चाचण्यांच्या रांगेत उभे करणे हीही चूकच.

कारखान्याकडून एक ठरलेला माणूस हवा. तो मालक नसलेला बरा. मालकाला वेळ नसतो. मशीन बंद ठेवण्याचा अधिकार असलेला शिफ्ट सुपरवायझर किंवा डाइंग मास्तर या कामासाठी अधिक योग्य. उलट दिशेनेही माणसे जाऊ शकतात. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2022 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार उद्योगातल्या अनुभवी व्यक्तीला ‘प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस’ म्हणून नेमता येते. त्यासाठी किमान 15 वर्षांचा अनुभव अपेक्षित असतो, आणि अशा नेमणुकांची मर्यादा मंजूर पदांच्या 10 टक्के आहे. पदवीपेक्षा अनुभव मोठा मानणारी ही तरतूद वस्त्रोद्योगाला विशेष उपयोगी आहे, कारण इथले जाणकार बहुधा कागदावर डिप्लोमाधारक असतात.

करार : नेमके कुठे अडते

सामंजस्य करार म्हणजे इच्छेचे पत्र. काम सुरू करायचे असेल तर त्याखाली एकेका प्रकल्पाचा स्वतंत्र करार हवा: काय करायचे, कोणी, किती दिवसांत, किती पैशांत आणि काय मिळाले म्हणजे काम झाले मानायचे. त्यातले तीन मुद्दे सर्वाधिक भांडणे लावतात.

पहिला मुद्दा मालकीचा. प्रकल्पापूर्वी ज्याचे जे ज्ञान होते ते त्याचेच राहील, हे लिहिणे सोपे. प्रकल्पातून जन्मलेल्या ज्ञानाबाबत मात्र ‘दोघांचे समान’ असे लिहून मोकळे होण्याकडे कल असतो. ऐकायला हे न्याय्य वाटते, पण भारतीय पेटंट कायदा 1970 च्या कलम 50 नुसार, वेगळा करार नसेल तर सहमालक स्वतःपुरते पेटंट वापरू शकतो, तिसऱ्याला परवाना मात्र दुसऱ्या सहमालकाच्या संमतीशिवाय देऊ शकत नाही. कारखाना असलेल्या सहमालकाला याचा फायदा लगेच मिळतो. कारखाना नसलेल्या विद्यापीठाच्या हाती फक्त प्रमाणपत्र उरते. त्यापेक्षा मालकी एकाकडे ठेवून दुसऱ्याला ठरावीक वस्तूपुरता, ठरावीक मुदतीचा परवाना देणे सरळ पडते. टॉवेलवर लागणाऱ्या फिनिशचा हक्क टॉवेलवाल्याला आणि त्याच फिनिशचा रुग्णालयातल्या चादरींसाठीचा हक्क संस्थेकडे, अशी वाटणी दोघांनाही झेपते.

दुसरा मुद्दा प्रसिद्धीचा. प्राध्यापकाला शोधनिबंध हवा, विद्यार्थ्याला पदवी, कारखानदाराला गुप्तता. पेटंटसाठी शोध नवा असावा लागतो, आणि आधी छापला गेला तर तो बहुधा नवा राहत नाही. पीएच.डी.चे प्रबंध ‘शोधगंगा’वर चढतात आणि कोणालाही वाचता येतात, हे कारखानदाराच्या सहसा लक्षात नसते. यावर उपाय असा: निबंध पाठवण्यापूर्वी तो कारखान्याला दाखवावा, साठ ते नव्वद दिवसांत पेटंटचा तात्पुरता अर्ज भरावा, मग छापावे. तात्पुरत्या अर्जानंतर पूर्ण तपशील देण्यास 12 महिने मिळतात. शैक्षणिक संस्थांना 2021 पासून पेटंट शुल्कात 80 टक्के सवलत असल्याने अर्ज संस्थेने भरणे स्वस्त पडते. पदवी मात्र कोणत्याही कारणाने रोखली जाणार नाही, हे करारात स्पष्ट लिहावे. त्यात सवलत नको.

तिसरा मुद्दा नक्षीचा, आणि तो जवळजवळ सगळे विसरतात. डिझाइनच्या विद्यार्थ्याने जॅकार्डसाठी काढलेली नवी नक्षी डिझाइन कायदा 2000 खाली नोंदवता येते. संरक्षण 10 वर्षांचे आणि आणखी 5 वर्षांनी वाढवता येणारे. नोंदणी केली नाही आणि त्या नक्षीच्या 50 हून अधिक प्रती यंत्राने निघाल्या, तर कॉपीराइटचा आधारही संपतो. यंत्रमागावर 50 चादरी निघायला फार दिवस लागत नाहीत. तेव्हा नक्षी बाजारात जाण्यापूर्वीच नोंदणीचा अर्ज गेला पाहिजे.

पैसा

आठ मागांच्या मालकाला एकट्याने संशोधन परवडत नाही. अटिरा आणि बिट्रा या संस्था गिरण्यांनी वर्गणी काढून उभ्या केल्या, कारण गिरण्यांनाही ते एकट्याने परवडत नव्हते. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिना स्टेट विद्यापीठातले नॉनवोव्हन केंद्र 1991 मध्ये याच धर्तीवर निघाले. सभासद कंपन्या वार्षिक वर्गणी भरतात, मूलभूत प्रश्नांवरचे निष्कर्ष सगळ्यांना मिळतात, आणि स्वतःच्या मालाविषयीचे खासगी काम ज्याचे त्याने वेगळे पैसे देऊन करून घ्यायचे असते. यंत्रमागाच्या गावात हे काम मागधारकांची संघटना किंवा सहकारी सूतगिरणी करू शकते. तुटी, वीज, सांडपाणी हे प्रश्न स्पर्धेचे नाहीत. त्यांवर शेजारी-शेजारी एकत्र येऊ शकतात. नक्षी आणि ग्राहक हे स्पर्धेचे विषय. ते सामाईक प्रकल्पात आणू नयेत.

सरकारी निधीत 1,480 कोटी रुपयांचे राष्ट्रीय तांत्रिक वस्त्र अभियान सर्वांत ठळक आहे. 2020 मध्ये मंजूर झालेल्या या अभियानात संशोधन प्रकल्पांना पैसा मिळतोच, शिवाय ‘ग्रेट’ या योजनेत नव्या उद्योजकाला 18 महिन्यांसाठी 50 लाख रुपयांपर्यंत साहाय्य मिळू शकते. पण अनुदानाचा अर्ज हा भागीदारीचा आरंभ असू नये. अनुदानासाठी जुळलेली जोडी अनुदानाबरोबरच सुटते. आधी कारखान्याने स्वतःचे थोडे पैसे घालून एक छोटा प्रकल्प पूर्ण करावा, मग अर्ज करावा. त्या छोट्या प्रकल्पाचे आकडे अर्जातही वजनदार ठरतात.

मधली बॅच

मिठाविना सुती रंगाई हा विषय छोटी बॅच गाळण्याच्या अडचणीचा उत्तम नमुना आहे. रिअॅक्टिव्ह रंग कापसावर चढावा म्हणून लिटरमागे 40 ते 80 ग्रॅम मीठ लागते, आणि ते सगळे सांडपाण्यात जाते. मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशाने 2011 मध्ये तिरुपूरचे रंगाई कारखाने बंद झाले, त्यामागे हेच खारे, रंगीत पाणी होते. कापसावर आधी धनभारित रसायनाची प्रक्रिया केली तर मिठाविना रंग चढतो, हे प्रयोगशाळांत पुष्कळदा सिद्ध झाले आहे. मोठ्या मशीनमध्ये मात्र ती प्रक्रिया शेकडो किलो कापडावर सारखी बसली नाही, तर ठिगळे दिसतात. रंग इतक्या घाईने चढतो की छटा सारखी राहत नाही, आणि प्रकाशात ती टिकण्यावरही परिणाम होतो. हे प्रश्न बीकरमध्ये दिसतच नाहीत. म्हणून प्रकल्पाच्या आराखड्यात 20 ते 50 किलोंच्या बॅचचा टप्पा, त्यासाठीचे मशीन, वाया जाणाऱ्या कापडाची किंमत आणि ती कोण सोसणार, हे सुरुवातीलाच लिहिलेले असावे. वाया गेलेल्या कापडाचा खर्च अंदाजपत्रकात नसला, की पहिल्या बिघडलेल्या बॅचला प्रकल्प थांबतो.

यंत्र आणि रसायन इतकेच नावीन्य नसते. 1953 मध्ये ए. के. राइस या टॅव्हिस्टॉक इन्स्टिट्यूटच्या अभ्यासकाने अहमदाबादच्या कॅलिको मिलच्या एका शेडमध्ये पाहिले की, 224 स्वयंचलित माग बसवूनही उत्पादन वाढत नव्हते. प्रत्येक कामगाराला अनेक मागांवरचे एकेकच काम नेमून दिलेले होते. कामगारांचे छोटे गट करून ठरावीक मागांची पूर्ण जबाबदारी गटाकडे दिल्यावर उत्पादन वाढले आणि खराब कापडाचे प्रमाण घटले. त्यामुळे नव्या तंत्राच्या चाचणीत कामगार आणि जॉबर यांना पहिल्या दिवसापासून सामील करावे, आणि चाचणीच्या काळात पिके कमी निघाली तर त्यांची मजुरी बुडणार नाही, याची हमी आधी द्यावी. पिकांवर पैसे मिळवणारा माणूस स्वतःच्या खिशातून संशोधन चालवू देणार नाही, आणि त्यात त्याचे काही चुकत नाही.

प्रकल्पाच्या शेवटी विद्यापीठ शंभर पानांचा अहवाल देते, तो मालकाच्या कपाटात जातो. त्याच्याबरोबर एक पान मराठीत, गरज असेल तिथे हिंदीतही, लिहून घ्यावे: खळीचे प्रमाण, तापमान, ताण, मशीनचा वेग, आणि काय बिघडले तर काय करायचे. ते पान मशीनशेजारी लागल्यावर, आणि विद्यार्थी निघून गेल्यानंतरच्या पहिल्या महिन्याचे आकडे पुन्हा मोजल्यावरच शेवटचा हप्ता द्यावा.